तबला, पेटी, बास सगळं एकट्याने: आधी काय वाजवायचं?

नमस्कार मंडळी, इंदूरहून बोलतोय. मे महिना आहे तरी कूलर बंद ठेवलाय, का ते सांगतो.

आधी प्रश्न, की गाणं रेकॉर्ड करताना सगळी वाद्यं एकट्यानेच वाजवायची तर सुरुवात कशाने करायची? मी आधी गातो. कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, हातात पेटी, आणि अख्खं गाणं कच्चं गाऊन घ्यायचं. हा ट्रॅक शेवटी डिलीट होणार, पण तो नसला ना की माझ्या तबल्यात उगाच तुकडे जास्त पडतात, कारण गायक कुठे श्वास घेणार हे हाताला कळतच नाही. बैठकीत तबलजी सारखा गायकाकडे बघत असतो, इथे समोर कुणीच नाही, मग निदान आवाज तरी हवा.

१९४१ मध्ये न्यूयॉर्कला सिडनी बेशे या जॅझ वादकाने एका गाण्यात सहा वाद्यं एकट्याने वाजवली, क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स. टेप नाही, काही नाही! एका तबकडीवरचं ऐकत त्याच्यावर नवीन वाद्य वाजवायचं आणि ते सगळं मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवायचं, म्हणजे दर फेरीला आधीचं वाद्य थोडं पुसट होणार आणि काढून तर काहीच टाकता येणार नाही. मला कच्चा आवाज फेकून देता येतो, ही केवढी मोठी सोय आहे बघा.

आता सूर. आमची पेटी जुनी, जरा चढी आहे, म्हणजे सूर नेहमीपेक्षा थोडे वर, तिचे सूर काही लगेच बदलता येत नाहीत, म्हणून गिटार, बास, तबला सगळं तिलाच लावायचं. मागच्या उन्हाळ्यात तबला पेटीच्या काळी एकला, म्हणजे पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, मस्त लावला, मग घरघर नको म्हणून कूलर बंद केला आणि चार-पाच टेक घेतले. दुसऱ्या दिवशी बास वाजवायला बसलो तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, कान खटकला. कूलरची ओल गेली, पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, वाळून ताणली गेली आणि तबला चढला! सगळे टेक गेले. आता कूलर अर्धा तास आधीच बंद, मग तबला लावायचा, हातोडी शेजारीच, आणि दर टेकनंतर पेटीचा सा धरून बघायचं.

खरं गाणं सगळ्यात शेवटी, रात्री अकरानंतर, गल्ली शांत झाली की. तेव्हा हात मोकळे असतात आणि साथ पहिल्यांदा नीट ऐकू येते.

दोन्ही ऐकवतो, हेडफोन लावा. हा आधी कच्चा.