वाचनातली उशी

श्रोतेहो, नमस्कार.

त्या त्या दिवशी नेमलेल्या शास्त्रपाठावरून, म्हणजे बायबलमधल्या उताऱ्यावरून, चार ओळींची प्रार्थना कशी रचावी, याविषयी आज बोलणार आहे. चारच ओळी. प्रार्थना लांबली की पुष्कळदा आपण देवाला त्याचंच वचन समजावून सांगू लागतो, आणि मागायचं ते राहून जातं.

ही घडण जुनी आहे. १५४९ साली इंग्लंडच्या चर्चचं पहिलं प्रार्थनापुस्तक निघालं. ते कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी सिद्ध केलं. त्यात आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या, दुसऱ्या रविवारी पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १५व्या अध्यायातला भाग वाचायचा असतो. पूर्वी जे लिहिलं ते आपल्या शिक्षणासाठी लिहिलं, त्यातून आपल्याला आशा मिळावी, असं पौल तिथे म्हणतो. क्रॅन्मर यांनी त्या दिवसाची प्रार्थना याच वचनातून काढली. देवा, हे सगळं तू आमच्यासाठी लिहवून घेतलंस. ते आम्ही ऐकावं, वाचावं, मनात जिरवावं असं कर. म्हणजे सार्वकालिक जीवनाची आशा आम्ही घट्ट धरून ठेवू. आधी हाक, मग देवानं काय केलं त्याची आठवण, मग एकच मागणी, ती कशासाठी तेही, आणि येशूच्या नावानं आमेन.

मराठीत या प्रार्थनेचा सांधा आहे 'म्हणजे'. 'अशासाठी की' लिहिलं की ओळ भाषांतरासारखी वाटते. आई लेकराला म्हणते, 'दोन घास खाऊन घे, म्हणजे बरं वाटेल', तोच 'म्हणजे' देवाशी बोलताना चालतो.

आता मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय घ्या. वादळ सुटलंय, नावेत पाणी भरतंय आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपलाय. हीच गोष्ट मत्तय सांगतो, लूक सांगतो. उशी फक्त मार्कमध्ये आहे. मी त्या उशीपाशीच थांबले. त्या दिवशी वहीत लिहिलं ते असं:

'हे प्रभू, वादळातही तू शिष्यांच्याच नावेत होतास. दवाखान्यातल्या बाकावर, पिशवीची उशी करून, आज रात्र काढणाऱ्यांजवळ तू राहा. म्हणजे उजाडेपर्यंत त्यांचा धीर टिकेल. येशूच्या नावानं, आमेन.'

पुढे येशूनं वाऱ्याला धमकावणं, शिष्यांचा अल्पविश्वास, सगळं सोडून दिलं. जड जातं ते, पण सोडावंच लागतं. तो भाग परत येतोच. बऱ्याच मंडळ्यांत चालतो तो रविवारचा वाचनक्रम तीन वर्षांचा आहे: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान मधूनमधून. पाठ आपण निवडत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्या हाती असतं तर आपण रोज 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे धीराचं २३वं स्तोत्रच उघडलं असतं.

एखाद्या सकाळी ८८वं स्तोत्र समोर येतं. इतर विलापस्तोत्रं बहुधा शेवटी आशेकडे वळतात; हे अंधारातच संपतं. घरात दुःख ताजं असताना ते माझ्या वाट्याला आलं. पेन हातात धरून बसले, पण 'म्हणजे'च्या पुढे काही सुचेना. बळेच लिहिलं असतं तर ते खोटं झालं असतं. मग मागणीवरच थांबले:

'हे परमेश्वरा, रात्रंदिवस तुला हाक मारणाऱ्याचं हे स्तोत्र तू शास्त्रात राहू दिलंस. आमचीही हाक ऐक. आमेन.'