चित्राची मागची बाजू

(दादर येथे चित्रकलेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

‘चित्रकाराने बोलू नये, चित्र बोलतं’ हे मी कॉलेजात पाच वर्षं ऐकलं. ऐकायला बरं वाटतं. पण जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी अर्ज भरायला बसलं की चित्र गप्प बसतं. पहिल्या प्रदर्शनाचा मजकूर मी ओळखीतल्या एकाकडून लिहून घेतला. त्यात ‘अवकाश’ सहा वेळा, ‘अस्तित्व’ चार वेळा. चित्रं होती चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांची! मंगळवार ते सोमवार मी तिथे उभी, आणि कुणी कॅटलॉग उघडला की चहाच्या निमित्ताने बाहेर.

तेव्हा ठरवलं, वाईट लिहीन पण माझं मी लिहीन.

आमच्याकडे हे नवीन नाही. चित्रकार म. वि. धुरंधर १८९० साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आले, तिथेच शिकले, तिथेच शिकवलं, आणि १९४०मध्ये त्यांचं ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आठवणींचं पुस्तक आलं. त्या काळच्या जे. जे.बद्दल आज कुणालाही काही लिहायचं तर त्यांचं दार ठोठवावंच लागतं. प्रभाकर बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत चित्रं काढत होते, आणि वह्या भरत होते. त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक १९९० सालचं. समोरच्या साध्या वस्तूबद्दल मराठीत इतकं नेमकं लिहिता येतं, हे मला त्यातून कळलं. ‘अवकाश’ हा शब्द तेही वापरतात, पण त्यांच्याकडे तो कामाला लागलेला असतो.

माझी वही एवढी थोर नाही. किराणा दुकानातली, दोनशे पानी. पण तिची एक गोष्ट सांगते.

विकलेलं एक चित्र सात वर्षांनी परत आलं. घेणारे गृहस्थ पार्ल्याचे. रागावले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. निळ्या साडीच्या काठावर नखाएवढे पोपडे सुटले होते, बाकी चित्र ठणठणीत. मला कारण कळेना. वही काढली. ‘१४ जुलै. सरसाचं अस्तर. तीन दिवस पाऊस. कॅनव्हास हाताला गार लागतोय. तरी काठ रंगवून टाकला, हप्ता भरायचाय.’ अस्तर म्हणजे रंगाआधी कॅनव्हासला द्यायचा थर, इथे सरसाचा, म्हणजे कातडी-हाडांपासून केलेल्या गोंदाचा. उरलेलं चित्र ऑक्टोबरात रंगवलेलं. सरस हवेतला ओलावा पितो, फुगतो, मग वाळताना आकसतो. वरचा तेलरंग त्याच्याबरोबर थोडाच आकसणार? वही नसती तर मी रंगाच्या कंपनीला शिव्या देत बसले असते. काठ खरवडून नवा केला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून जून ते सप्टेंबर अस्तराचं काम बंद.

तर असं लिहा. कुठला रंग, कुठलं तेल, हवा कशी होती, चित्र कुणाकडे गेलं. चित्राबद्दल दोन ओळी लिहायची वेळ आली की याच वहीतून उचला, साडी असेल तर ‘साडी’ म्हणा.

आणि कॅनव्हासच्या मागे नाव, साल, माध्यम, आकार. किंमत मात्र तिथे लिहू नका. मी एकदा पेन्सिलीने अडीच हजार लिहून ठेवले होते. अकरा वर्षांनी एका गिऱ्हाइकाने चित्र भिंतीवरून उतरवलं, उलटं केलं, आणि खिशातून बरोब्बर अडीच हजार काढून माझ्यापुढे धरले.