पंधरा मिनिटांचा भाव

[दृश्य: लासलगाव बाजार समिती, कांद्याचे ट्रॅक्टर]

इथे लिलाव ट्रॉलीगणिक होतो. एका ट्रॉलीला एक भाव, मागच्या ट्रॉलीला दुसरा. दर पडलेले असले तर कांदा चाळीतच राहू द्यायचा, वाट बघायची.

विजेला अशी चाळ फारशी नाही. तयार झाली त्या क्षणी ती वापरली गेलीच पाहिजे, नाहीतर सगळ्या ग्रिडची, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्याची, 50 हर्ट्झची (सेकंदाला 50 आवर्तनांची) लय बिघडते. म्हणून विजेचा लिलाव आदल्या दिवशीच उरकतात.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर चढउताराचा आलेख]

2008 साली देशात वीज एक्स्चेंज, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीचा बाजार, सुरू झाली. उद्याच्या दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी आदल्या सकाळी ठराविक वेळेत बंद बोली लावायची. विकणारे स्वस्तापासून महागाकडे, घेणारे महागापासून स्वस्ताकडे रचले जातात. दोन्ही रेषा छेदतात तिथे भाव ठरतो, आणि तो सगळ्यांना एकच. समजा, कुणी युनिटला 3 रुपयांनी वीज द्यायला तयार आहे, कुणी 4, कुणी 6. गरज भागवायला 6 वाला घ्यावा लागला, तर 3 वाल्यालाही 6 मिळतात. ऐकायला अन्याय वाटतो. पण ज्याला त्याला आपापल्या बोलीइतकेच पैसे दिले असते, तर 3 वाल्याने खरा खर्च कशाला सांगितला असता?

अर्थात बहुतेक वीज या बाजारात येतच नाही. ती दीर्घ मुदतीच्या करारांनी बांधलेली असते. आपल्या राज्यात कुठला वीजनिर्मिती संच किती चालवायचा ते ऐरोलीचं भार प्रेषण केंद्र ठरवतं: ज्याचा इंधनखर्च कमी, तो आधी.

[दृश्य: सोलापूरजवळचे उंच मनोरे]

सौदा जुळला तरी वीज न्यायला तार हवी. 31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर–रायचूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी एका लयीत आलं. तरी भाव लगेच एक झाला नाही. वाहिन्या भरल्या की बाजार दुभंगायचा: तारेच्या अलीकडे स्वस्त, पलीकडे महाग. तीच वीज, तोच तास, आणि भावाची सीमा तारेच्या क्षमतेने आखलेली! या साऱ्या व्यवहारात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच.

[दृश्य: मावळतीचा सूर्य, सौर पॅनेल]

1 जून 2020 पासून दर अर्ध्या तासालाही लिलाव होतो, कारण ढग काही आदल्या दिवशी बोली लावत नाहीत. दुपारी सौर विजेमुळे भाव उतरतो. दिवेलागणीला तो झपाट्याने चढतो, आणि उन्हाळ्यात कधी कधी 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो.

[दृश्य: कोयना धरण, संध्याकाळ]

अशा वेळी कोयना कामी येते. वीज फारशी साठवता येत नसली तरी पाणी साठवता येतं. मात्र कृष्णा पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीच पाणी ठरवून दिलं आहे. म्हणून ते दुपारी राखायचं आणि अंधार पडला की पोफळीच्या वीजघराची टर्बाइनं फिरवायची.