स्टॅनली पार्क: भरतीचा तक्ता बघून निघा

[दृश्य: ओहोटीची वेळ. ग्रॅनाइटच्या भिंतीचा खालचा भाग, जवळून.]

भिंतीवरची ही रेघ बघा. तिच्या खालचा दगड काळपट, शेवाळलेला, बार्नेकल या दगडाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी समुद्री जीवांच्या पांढऱ्या खवल्यांनी खरखरीत झालेला. वरचा दगड कोरडा आणि राखाडी. भरतीचं पाणी कुठवर चढतं, हे ही रेघच सांगते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरात उधाणाच्या दिवसांत समुद्र चार मीटरहून जास्त वर-खाली होतो. सकाळी जिथे खडक, शिंपले आणि तारामासे दिसले, तिथे संध्याकाळी नुसतं पाणी असतं.

या शहरातल्या स्टॅनली पार्कला जाणारे बहुतेक प्रवासी हवामान बघून निघतात. ते बघावंच. पण त्याच्या जोडीला भरती-ओहोटीचा तक्ताही बघा. हायड्रोग्राफिक सर्व्हिस या समुद्राची मोजमापं ठेवणाऱ्या कॅनडाच्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर 'व्हँकुव्हर' किंवा 'पॉइंट ॲटकिन्सन' हे केंद्र निवडलं की दिवसाच्या दोन भरत्या आणि दोन ओहोट्या वेळेसकट मिळतात. या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल जाते, दुसरी जेमतेम. उन्हाळ्यात खोल ओहोटी दुपारच्या आसपास येते, हिवाळ्यात ती रात्री येते. म्हणून तळाचे खडक बघायचे असतील तर जून-जुलैचे दिवस धरावेत. तक्त्यात पाण्याची उंची एक मीटरच्या खाली दिसली, तर तो दिवस सोडू नका.

[दृश्य: आकाशातून. तीन बाजूंनी पाणी, मधे गर्द जंगल, एका टोकाला शहराच्या इमारती.]

सुमारे ४०० हेक्टरचं हे पार्क म्हणजे एक आख्खं भूशिर आहे. शहराला ते एकाच बाजूने चिकटलेलं आहे. व्हँकुव्हर १८८६ साली शहर झालं आणि त्याच वर्षी नगर परिषदेने ही लष्करासाठी राखीव ठेवलेली जमीन पार्कसाठी मागितली. १८८८ मध्ये पार्क खुलं झालं. कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांचं नाव त्याला मिळालं.

जमीन मात्र मोकळी नव्हती. मस्क्वीअम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वाऊटुथ या मूळ रहिवासी लोकांचा इथे पिढ्यान् पिढ्यांचा वावर होता. आज जिथे लंबरमन्स आर्च ही लाकडी कमान आहे, त्या हिरवळीवर ख्वायख्वाय नावाचं गाव होतं. गावाशेजारी शतकानुशतकं खाऊन टाकलेल्या शिंपल्यांचा मोठा ढीग साचला होता. १८८८ मध्ये पार्कभोवतीचा रस्ता काढताना तो ढीग फोडला आणि तेच शिंपले रस्त्यावर पसरले. त्या हिरवळीवर आज मुलं पाण्यात खेळतात. तिथे थांबाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

[दृश्य: कोल हार्बर. नांगरलेल्या बोटी, त्यांच्या पलीकडे सुरू होणारी वाट.]

आता प्रत्यक्ष फेरी. समुद्राच्या भिंतीवरून पार्कला वळसा घालणाऱ्या वाटेला इथे सगळे सीवॉल म्हणतात. पूर्ण वळसा साधारण ९ किलोमीटरचा आहे. रमतगमत चालत तीन तास, सायकलने तासभर, आणि थांबे घेतले तर दीड-दोन तास. शहराच्या मध्यभागातून १९ नंबरची बस थेट पार्कमध्ये जाते. गाडी आणली तर पार्किंगला पैसे पडतात.

सायकल भाड्याने देणारी दुकानं पार्कच्या बाहेर, डेनमन स्ट्रीटच्या आसपास आहेत. हेल्मेट दुकानातूनच घ्या, कारण ब्रिटिश कोलंबिया या इथल्या प्रांतात सायकलवर हेल्मेट घालणं कायद्याने बंधनकारक आहे. सीट कमरेच्या उंचीला आणा, दोन्ही ब्रेक दाबून बघा, आणि परतीची वेळ ठरवताना अर्धा तास जास्तीचा धरा.

सायकलींची वाहतूक एकदिशा आहे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. समुद्र कायम तुमच्या उजव्या हाताला राहिला पाहिजे. नवख्यांची सगळ्यात नेहमीची चूक इथेच होते. इंग्लिश बेच्या बाजूने आलेले लोक समोर दिसणाऱ्या सेकंड बीचकडे सरळ निघतात आणि समोरून येणाऱ्या सायकलींवर जातात. त्या बाजूने आलात तर आधी लॉस्ट लगूनच्या तळ्याकडून कोल हार्बरला या आणि तिथून फेरी सुरू करा. चालणाऱ्यांना दोन्ही दिशा मोकळ्या आहेत. त्यांचा पट्टा बहुतेक ठिकाणी पाण्याच्या कडेचा, सायकलींचा आतला. फोटोसाठी मागे मागे सरकत सायकलच्या पट्ट्यात पाय पडतो, आणि धडक बसते. 

पहिला टप्पा सोपा, सपाट आणि वस्तीच्या समोरचा. वाटेत पिंजऱ्यासारख्या छोट्या इमारतीत एक तोफ आहे. ती १८१६ साली इंग्लंडमध्ये वूलिचला ओतली गेली. रोज रात्री नऊ वाजता तिचा बार होतो. जहाजांना घड्याळं जुळवायला त्याचा उपयोग व्हायचा. लहान मूल बरोबर असेल तर त्या वेळी तोफेपासून लांब राहा, आवाज मोठा आहे.

पुढे ब्रॉक्टन पॉइंटचे टोटेम खांब, म्हणजे मूळ रहिवाशांनी कोरलेले उंच लाकडी खांब. इथे सगळे थांबतात, पण खांब कुठले हे फार थोडे जण वाचतात. यातले बरेचसे उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या परंपरेतले आहेत आणि जुन्या मूळ खांबांपैकी कित्येक आता संग्रहालयांत आहेत. या भूशिरावरच्या कोस्ट सेलिश लोकांची, म्हणजे वर सांगितलेल्या तीन समाजांची, अशी सुटे खांब उभारण्याची रीत नव्हती. त्यांच्या कोरीवकामासाठी शेजारच्या लाकडी कमानी बघा. सुझन पॉइंट यांनी कोरलेल्या त्या तीन कमानी २००८ मध्ये बसवल्या. रॉबर्ट येल्टन यांचा खांबही शोधा. तो त्यांनी आपल्या आईच्या स्मरणार्थ कोरला. त्या याच पार्कमध्ये राहणाऱ्या शेवटच्या रहिवाशांपैकी होत्या.

[दृश्य: लायन्स गेट पूल खालून. पाण्यावर केल्प या समुद्री शेवाळाचे गोळे तरंगताहेत.]

लंबरमन्स आर्चला पाण्याच्या बाटल्या भरून घ्या आणि स्वच्छतागृहही इथेच उरका. पुढे १९३८ सालच्या लायन्स गेट पुलाखालून गेलात की थेट थर्ड बीचपर्यंत एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला समुद्र. मधे बाहेर पडायला वाट नाही, नळ नाही, दुकान नाही. उत्तरेची ही बाजू सावलीत असते, वारा सामुद्रधुनीतून सरळ येतो. ऐन जुलैतही एक पातळ जाकीट पिशवीत असू द्या.

पुलाच्या जवळ पाण्यात केल्प दिसेल. बल्बसारखा गोळा आणि त्याला लांब पट्ट्यासारखी पानं. ती पानं कुठल्या बाजूला ताणली गेलीत ते बघा. पूर्वेकडे, म्हणजे खाडीच्या आत, तर भरती चाललीय. पश्चिमेकडे, तर ओहोटी. तक्ता खिशात नसला तरी एवढं पुरतं.

सीवॉलची कथाही पुलाखालच्या याच अरुंद पाण्याशी जोडलेली आहे. इथून जाणाऱ्या जहाजांच्या लाटांनी किनारा कापला जात होता, म्हणून १९१७ मध्ये भिंतीचं काम सुरू झालं. १९३१ पासून जेम्स कनिंगहॅम या पाथरवटाने ते हाती घेतलं आणि आयुष्याची कित्येक वर्षं या दगडांत घातली. पार्कचा पूर्ण वळसा जुळल्याचं १९७१ मध्ये जाहीर झालं. सांधे जवळून बघा. दगड ताशीव, पण एका मापाचा नाही. प्रत्येक दगड शेजारच्याला बसेल असा घडवलेला आहे.

काम तरीही संपलेलं नाही. ७ जानेवारी २०२२ ला मोठी भरती आणि जोराचा वारा एकाच वेळी आले. पाण्यावर तरंगणारे लाकडाचे ओंडके लाटांबरोबर भिंतीवर आदळले आणि वाटेचे तुकडे उखडले. हिवाळ्यात उधाणाच्या भरतीला पश्चिमेचा वारा असेल, तर पाणी कितीही बघावंसं वाटलं तरी सीवॉलवर जाऊ नका. लाट भिजवते एवढंच, पण ओंडका हाडं मोडतो. दुसरी जोखीम वरून येते. कड्याचे दगड पावसाने सुटतात. म्हणून कामगार दोरावरून उतरून सैल दगड पहारीने पाडतात, आणि तेवढे दिवस पुलापासून थर्ड बीचपर्यंतचा भाग बंद असतो. शहराच्या पार्क विभागाच्या पानावर हे आधी जाहीर होतं. निघण्यापूर्वी दोन मिनिटं काढून बघा, नाहीतर अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागेल.

[दृश्य: एकटा उभा सुळका, माथ्यावर झाड.]

कड्याच्या वळणावर पाण्यात उभा असलेला हा सुळका बेसॉल्टचा. भोवतालचा मऊ वालुकाश्म समुद्राने खाल्ला आणि कठीण खडक मागे राहिला. नकाशावर त्याचं नाव सिवॉश रॉक. हा शब्द इथल्या मूळ रहिवाशांना हिणवण्यासाठी वापरला जायचा. स्क्वामिश लोकांच्या कथेत हा निःस्वार्थ माणूस आहे, त्याच्या चांगुलपणाची खूण म्हणून दगडात उभा राहिलेला. खोल ओहोटीला त्याच्या पायाशी जांभळे आणि नारिंगी तारामासे खडकाला चिकटलेले दिसतात. त्यांना उपटू नका. त्यांच्या खालच्या शेकडो बारीक नळ्यांसारख्या पायांनी ते धरून असतात, आणि ओढलं की ते पाय तुटतात. खडकांवरचं शेवाळ तेलासारखं निसरडं असतं, तेव्हा वाटेवरून बघणंच चांगलं.

थर्ड बीचला पाय पसरा. ही बाजू पश्चिमेची. जूनमध्ये सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो, डिसेंबरमध्ये सव्वाचारच्या सुमारास. उन्हाळ्यात सूर्यास्ताच्या तासभर आधी इथे पोचलात तर संध्याकाळचं सोनेरी ऊन मिळतं.

[दृश्य: जंगलातली वाट. जुन्या बुंध्यावर वाढलेलं कोवळं हेमलॉक.]

अंगात बळ असेल तर इथून जंगलात वळा. या बुंध्याला समोरासमोर दोन खाचा आहेत, डोळ्यांसारख्या. पार्क होण्यापूर्वी इथे लाकूडतोड झाली, तेव्हाच्या या खुणा. झाडाचा पाया फार रुंद, म्हणून तोडणारे खाचेत फळी अडकवायचे, जमिनीपासून वर तिच्यावर उभे राहायचे आणि तिथून करवत चालवायचे. आता त्याच बुंध्याच्या कुजलेल्या माथ्यावर हेमलॉकचं रोप रुजलंय आणि त्याची मुळं बुंध्याला मिठी मारून जमिनीत उतरलीत.

डिसेंबर २००६ च्या वादळात इथली सुमारे १०,००० झाडं पडली. अलीकडे हेमलॉक लूपर नावाच्या अळीने पानं खाऊन झाडं वाळवली आणि शहराला ती मोठ्या संख्येने तोडावी लागली. वाट बंदची पाटी दिसली तर ती ओलांडू नका, वर अडकलेली वाळकी फांदी खालून दिसत नाही.

प्राण्यांना खायला घालू नका. रॅकून गोंडस वाटतो, पण चावतो. माणसाच्या खाण्याला सोकावलेल्या कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्यांनी २०२० आणि २०२१ मध्ये इथे कित्येक जणांना चावे घेतले. कोयोटी समोर आला तर पळू नका. मुलाला उचलून घ्या, हात वर करा, मोठ्याने ओरडा आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका.

सेकंड बीचनंतर डावीकडे वळून लॉस्ट लगूनच्या काठाने आलात की फेरी पूर्ण होते. हे तळं पूर्वी समुद्राचाच भाग होतं, त्यात भरती यायची. कॉजवे, म्हणजे पाण्यात भराव घालून केलेला रस्ता, बांधला आणि पाणी आत अडकलं. सायकल परत करा, आणि नऊ वाजायला थोडाच वेळ उरला असेल तर काठावरच्या बाकावर बसा. झाडांच्या पलीकडून तोफेचा बार इथवर ऐकू येतो.