सरठातला चंचल ठिपका

हंस आणि देवयानी यांच्या मधल्या पट्ट्यात सरठ हा फिकट तारकासमूह आहे. 1929 साली कुनो हॉफमाइस्टर यांनी इथल्या एका ठिपक्याची नोंद रूपविकारी, म्हणजे उजेड कमी-जास्त होणारा, तारा म्हणून केली. नावही ताऱ्याचंच पडलं, बीएल लॅसर्टी. पण 1968 मध्ये त्याच जागी रेडिओ लहरींचा स्रोत असल्याचं लक्षात आलं आणि शंका सुरू झाली. आज आपण जाणतो, की ही सुमारे 90 कोटी प्रकाशवर्षांवरची दीर्घिका आहे. तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून निघालेला झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला आहे.

तिचा बदलता उजेड मोजायचा कसा? आता ही फ्रेम, म्हणजे दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यानं टिपलेलं चित्र, पाहा. बायस (कॅमेऱ्याचा स्वतःचा मूळ आकडा) वजा केलाय, फ्लॅटनं (एकसारख्या उजेडाच्या चित्रानं) भागलंय. मधल्या ठिपक्याभोवती 8 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) त्रिज्येचं वर्तुळ, त्याबाहेर 10 ते 16 विकलांचं कडं. कड्यातून आकाशाचा उजेड मोजायचा आणि वर्तुळातून वजा करायचा. हेच तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या बी, सी, एच, के या ताऱ्यांचं. पातळ ढग आला तर सगळेच सारखे मंदावतात, म्हणून ताऱ्यांशी असलेला फरकच मोजायचा. आणि दोन ताऱ्यांमधला आपसातला फरक रात्रभर सपाट राहिला पाहिजे. तो हलला, तर दीर्घिकेच्या उजेडाच्या आलेखावर विश्वास ठेवू नका.

खरी फसगत मात्र वेगळीच असते. वर्तुळ 2 विकलांचं घेतलं आणि मध्यरात्री सीइंग बिघडलं, म्हणजे हवेच्या हालचालीनं ठिपके पसरट झाले, तर ताऱ्याचा उजेड वर्तुळाबाहेर सांडतो. दीर्घिकेचा पसारा मुळातच पसरट, त्यामुळे तिचं नुकसान तुलनेनं कमी. आलेखात ती उजळलेली दिसते. प्रत्यक्षात तिथे काहीच घडलेलं नसतं! म्हणून प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्याची रुंदी मोजून ती आलेखाशेजारी मांडायची. दोन्ही एकत्र वरखाली होत असतील, तर ती रात्र बाजूला ठेवायची. मोठं वर्तुळ हा यावरचा उपाय. त्यात दीर्घिकेच्या ताऱ्यांचा उजेडही येतो, पण तो जवळपास ठरावीक असतो आणि नंतर वजा करता येतो.

2020 च्या उद्रेकात या झोताच्या उजेडात सुमारे 13 तासांची आवर्तनं दिसली. एवढ्यासाठी एका ठिकाणची रात्र अपुरीच. सरठ रात्रभर दिसतो तो ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा महाराष्ट्रावर पावसाळी ढग. वेगवेगळ्या रेखांशांवरच्या वेधशाळा तेच तारे, तेच वर्तुळ वापरून वेध जोडतात. तरीही प्रतीच्या (ताऱ्यांचं तेज मोजायच्या एककाच्या) शंभराव्या भागांचा फरक उरतोच. तो काढायला दोन ठिकाणांहून एकाच वेळी घेतलेल्या फ्रेम लागतात.