हिरव्या नोंदी, निळ्या नोंदी

नमस्कार श्रोतेहो.

आज एका घरगुती अडचणीबद्दल बोलायचंय. कॉम्प्युटरवर लिहिलेली तारीख मोबाइलवर दिसत नाही, किंवा मोबाइलवर टाकलेली कॉम्प्युटरवर येत नाही. दातांच्या डॉक्टरांची वेळ, विम्याचा हप्ता, मुलीच्या शाळेतली पालकसभा, सगळं आपण हल्ली कॅलेंडरात टाकतो. आणि नेमक्या गरजेच्या दिवशी कळतं की नोंद दुसऱ्याच यंत्रावर राहिली. ‘सिंक होत नाही’ म्हणतात ते हेच.

हे नुसतं समजावून सांगण्यापेक्षा माझ्या मावशीची गोष्ट सांगतो. तिच्या गोष्टीत बहुतेक सगळं येऊन जातं.

माझी मावशी वाईला राहते आणि गेली तीस वर्षं नारदीय कीर्तन करते. कीर्तनकाराच्या घरात ‘तारखा’ हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो. तारीख दिली, तारीख गेली, तारीख मोकळी आहे. पूर्वी त्यांच्याकडे एक लांबट वही असायची, टेलिफोनच्या शेजारी, सुतळीने बांधलेल्या पेनासकट. फोन वाजला की काका वही उघडायचे, बोटाने दिवस शोधायचे आणि म्हणायचे, “मोकळी आहे, लिहून घेतो.” सगळ्या तारखा त्या एकाच वहीत.

मग मावशीच्या हातात मोबाइल आला. यजमान थेट तिलाच फोन करू लागले. ती कधी एसटीत, कधी कुणाच्या ओसरीवर, आणि वही वाईला. म्हणून एका रविवारी मी पुण्याहून गेलो आणि दोघांना मिळून एक कॅलेंडर करून दिलं. काकांच्या कॉम्प्युटरवर क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये, मावशीच्या मोबाइलवर ॲपमध्ये, दोन्हीकडे ईमेल खातं एकच. काकांनी कॉम्प्युटरवर ‘चाचणी’ असं लिहिलं आणि मिनिटभरात ते मावशीच्या फोनवर उमटलं. मावशीला इतका आनंद झाला की तिने शेजारच्या वहिनींना बोलावून दाखवलं. मी चहा घेतला आणि निघालो.

श्रोतेहो, मी त्या दिवशी एकच बाजू तपासली होती. कॉम्प्युटरकडून फोनकडे. फोनकडून कॉम्प्युटरकडे नोंद जाते का, हे पाहिलंच नाही. एकच बाजू. हे ध्यानात ठेवा.

चार महिने सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं. नवरात्र आलं. पंचमीच्या दुपारी मावशी साताऱ्याच्या स्टँडवर उभी होती, कोरेगावच्या गाडीची वाट बघत. पेटीवाले आणि तबलजी सोबत. नऊवारी नेसलेली, खांद्याच्या पिशवीत झांज. फोन वाजला. मेढ्याजवळच्या एका गावातून देवळाचे पुजारी बोलत होते. “ताई, निघालात ना? मांडव घातलाय, बायका तीन वाजल्यापासून यायला लागल्यात.”

मावशीला काही कळेना. तिच्या फोनवर तर त्या दिवशी फक्त कोरेगाव होतं. तिने वाईला फोन लावला. काकांच्या कॉम्प्युटरवर त्याच दिवशी फक्त मेढा! काकांनी ती तारीख आदल्या संध्याकाळीच लिहिली होती. मेढ्याचे ठरलेले कीर्तनकार आजारी पडले म्हणून पुजाऱ्यांनी आयत्या वेळी विचारलं आणि काकांना दिवस मोकळा दिसला. ती नोंद मावशीच्या फोनवर का आली नाही, ते पुढे सांगतो.

एक संध्याकाळ, दोन गावं, आणि दोन दिशांना जाणाऱ्या दोन गाड्या.

मावशीची एक शिष्या साताऱ्यातच राहते. तीन वर्षं शिकत होती, पण एकटीने अजून उभी राहिली नव्हती. मावशीने स्टँडवरूनच तिला फोन केला. ती पोर घाबरली. म्हणाली, “मावशी, मला देवीचं आख्यान अजून नीट बसलेलं नाही.” मावशी म्हणाली, “तुला सुदामा येतो ना? मग सुदामाच सांग. पूर्वरंगाला तुझ्या आवडीचा अभंग घे, आणि श्वास लागला की झांज वाजव, लोकांना कळत नाही.” पेटीवाल्यांना मावशीने मेढ्याच्या गाडीत बसवलं आणि स्वतः तबलजींना घेऊन कोरेगावला गेली. त्या रात्री कोरेगावला पेटीशिवाय कीर्तन झालं. मेढ्याला त्या मुलीने सव्वा तास सुदाम्याचे पोहे रंगवले, आणि पुजाऱ्यांनी तिला पुढच्या वर्षीची तारीख तिथेच विचारली. मावशी हे सांगते तेव्हा अजून तिचे डोळे भरून येतात.

दसरा झाल्यावर मी वाईला गेलो आणि दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी ठेवली. फोनवर काही तारखा निळ्या होत्या, काही हिरव्या. मी विचारलं, “मावशी, हे दोन रंग कसले गं?” ती म्हणाली, “निळ्या यांनी लिहिलेल्या, हिरव्या माझ्या. कुणी लिहिलं ते फोनला बरोबर कळतं.”

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रंग माणसाचा नसतो. रंग असतो कॅलेंडरचा. त्या फोनमध्ये दोन कॅलेंडरं होती. एक ईमेल खात्याचं, निळं, जे सगळीकडे जातं. दुसरं फोनचं स्वतःचं, हिरवं, जे त्या फोनबाहेर कधीच जात नाही. मावशी नवीन नोंद करायची तेव्हा वर एक बारीक ओळ दिसायची, नोंद कुठे ठेवायची ते सांगणारी. तिथे ईमेलऐवजी ‘फोन’ निवडलेलं होतं. म्हणजे काकांच्या तारखा तिला दिसत होत्या, पण तिच्या तारखा काकांना एकदाही दिसल्या नाहीत. चार महिन्यांत तिने लिहिलेल्या 23 तारखा त्या हिरव्या कप्प्यात तशाच पडून होत्या.

आणि मेढ्याची निळी नोंद का आली नाही? कारण आदल्या दुपारीच बॅटरी पुरावी म्हणून तिने फोन बचतीवर टाकला होता. बॅटरी सेव्हर चालू असला की पुष्कळ फोन मागच्या मागे होणारी देवाणघेवाण थांबवतात.

त्या 23 तारखा आम्ही तिघांनी बसून एकेक करून निळ्यात उतरवल्या. मावशी वाचत होती, काका टाइप करत होते, मी खुणा करत होतो. त्यात पुढच्या दोन महिन्यांतले आणखी तीन दिवस दुहेरी निघाले. तिन्ही यजमानांना काकांनी त्याच दुपारी फोन केले.

आता थोडं कारणांकडे वळू. कॉम्प्युटर आणि फोन एकमेकांशी बोलतात असं आपल्याला वाटतं. ते एकमेकांशी बोलत नाहीत. दोघं बोलतात तिसऱ्याशी, म्हणजे दूर असलेल्या सर्व्हरशी, आपल्या नोंदी साठवणाऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरशी. बँकेचं पासबुक आठवा. पैसे बँकेत असतात, पासबुकात फक्त छापील नोंद असते. पासबुक छापून घेतलं नसेल तर आकडा जुना दिसतो. फोनमधलं कॅलेंडर हे असं पासबुक आहे. आणि मावशीच्या हिरव्या नोंदी म्हणजे बँकेत न भरता घरच्या डब्यात ठेवलेले पैसे.

म्हणून पहिली गोष्ट. गडबड वाटली की कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडा आणि त्यात तुमच्या खात्याचं कॅलेंडर बघा. ब्राउझरमध्ये दिसतं ते सर्व्हरवरचं, म्हणजे बँकेतलं खरं. नोंद ब्राउझरमध्ये आहे पण फोनवर नाही, तर अडचण फोनकडे. नोंद फोनवर आहे पण ब्राउझरमध्ये नाही, तर ती फोनमधून बाहेरच पडलेली नाही. पुन्हा सांगतो, आधी ब्राउझर बघा. अर्धा शोध तिथेच लागतो.

अडचण फोनकडे असेल तर तीन ठिकाणी बघा. बॅटरी सेव्हर चालू आहे का. सेटिंगमध्ये खात्यांच्या पानावर ऑटो-सिंक, म्हणजे आपोआप होणारी देवाणघेवाण, बंद आहे का. आणि कॅलेंडर ॲपच्या सेटिंगमध्ये त्या विशिष्ट कॅलेंडरचं सिंक बंद आहे का, कारण प्रत्येक कॅलेंडरचं बटण वेगळं असतं. पासवर्ड बदलला असेल तर फोन जुन्याच पासवर्डवर अडून बसलेला असतो, तेही बघा. आयफोनवर कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट कॅलेंडर, म्हणजे नवी नोंद आपोआप जाते ते कॅलेंडर, निवडायची जागा आहे. तिथे योग्य खातं निवडलं की नव्या नोंदी तिथेच जातात.

कॉम्प्युटरवर आउटलुक, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं मेल आणि कॅलेंडरचं सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. खातं आयमॅप नावाच्या, मेल आणण्याच्या पद्धतीने जोडलं असेल तर त्यातून फक्त मेल येते-जाते. आयमॅपला कॅलेंडर वाहून नेता येत नाही. मेल नीट येते म्हणून कॅलेंडरही जात असेल असं लोक धरून चालतात, आणि सगळ्या तारखा त्या एका कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये साठत राहतात. कॅलेंडरसाठी मायक्रोसॉफ्टची एक्स्चेंज पद्धत लागते किंवा कॅलडॅव्ह, म्हणजे कॅलेंडरच्या देवाणघेवाणीची सर्वांसाठी खुली पद्धत, लागते. कॅलडॅव्हचा नियम 2007 साली ठरला, म्हणजे सोय नवी नाही, ती जोडून घेतलेली नसते.

इथे मला मनापासून एक सांगायचंय. नवा फोन घेताना दुकानदार पटकन नवा ईमेल काढून देतो. कृपया तसं करू देऊ नका. घरून जुना ईमेल आणि पासवर्ड कागदावर लिहून न्या. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांचे चार फोनचे चार ईमेल आहेत आणि एकाचाही पासवर्ड त्यांना ठाऊक नाही. त्यांचे फोटो, नंबर, तारखा चार घरांत वाटल्या गेल्यात. आपला ईमेल आपल्या नावाचा आणि आपल्याला पाठ असलेला हवा.

आणखी एक. शाळेचं किंवा संघाच्या सामन्यांचं वेळापत्रक फाइल म्हणून मिळतं. ते तुम्ही इम्पोर्ट केलंत, म्हणजे ती फाइल कॅलेंडरात ओतून घेतलीत, तर ती एकदाच काढलेली नक्कल असते. त्यांनी नंतर बदल केला तर तुमच्याकडे बदलत नाही. त्यांच्या वेळापत्रकाची लिंक देऊन सबस्क्राइब केलंत, म्हणजे आपलं कॅलेंडर त्याला जोडून ठेवलंत, तर बदल येतात, पण त्याला काही तास लागू शकतात. आणि लग्नपत्रिका! हल्ली सगळे पत्रिकेचं चित्र पाठवतात. चित्र सुंदर असतं, पण त्यावरची तारीख आपोआप कुठल्या कॅलेंडरात जात नाही. चित्राखाली तारीख, वार, वेळ आणि कार्यालयाचा पत्ता साध्या अक्षरांत टाइप करा. ज्यांची नजर कमी झालीय त्यांनाही त्याचा आधार होतो.

तिथीचंही असंच आहे. काकांनी गणेशोत्सवाच्या कीर्तनाला ‘दरवर्षी’ असं लावलं होतं. पण गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला होती, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला. श्राद्धाची तिथी असो की उत्सवाची, ‘दरवर्षी’चं बटण तिथे चालत नाही. पंचांग बघून दर पाडव्याला नव्याने लिहावं लागतं, आणि ते काम घरातल्या थोरांकडून करून घ्यावं. त्या निमित्ताने नातवंडं शेजारी बसतात.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांना वेळेचा घोळ ठाऊक आहे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कच्या आणि आपल्या वेळेतलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. नोंद कुठल्या देशाच्या वेळेने केली ते कॅलेंडरात निवडता येतं, आणि फोन करण्याची वेळ मुलीच्या सोयीची असेल तर नोंद तिच्या शहराच्या वेळेने करावी. आपल्याकडे तरी एकच वेळ आहे. मुंबई 1955 पर्यंत स्वतःची वेळ पाळत होती, भारतीय वेळेपेक्षा 39 मिनिटं मागे. एका राज्यात दोन घड्याळं सांभाळणाऱ्या माणसांनी गाड्या कशा पकडल्या असतील, याचं मला फार कौतुक वाटतं.

खातं फोनमधून काढून पुन्हा जोडणं हा शेवटचा उपाय, आणि तो बरेचदा लागूही पडतो. पण त्याआधी, श्रोतेहो, फोनच्या स्वतःच्या कप्प्यात काही नोंदी नाहीत ना ते बघा. त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. कॅलेंडरचा डेटा पुसलात तर त्या गेल्या. मावशीच्या 23 तारखा अशाच गेल्या असत्या.

आणि चाचणी दोन्ही बाजूंनी. फोनवर लिहा, कॉम्प्युटरवर बघा. कॉम्प्युटरवर पुसा, फोनवरून गेली का बघा. दोन्ही बाजूंनी.

मावशी आता ही चाचणी रोज करते, तिच्या पद्धतीने. कीर्तनाला निघाली की वाईच्या स्टँडवर गाडीत बसल्यावर ती फोनमध्ये आजच्या तारखेला एक नोंद करते, ‘सुटले’. निळ्या रंगात. घरी काका कॉम्प्युटर उघडून ती वाचतात आणि पुसून टाकतात. पाचवड फाट्याच्या आसपास मावशी फोन बघते. ‘सुटले’ तिथून नाहीसं झालेलं असतं. मग ती फोन पिशवीत झांजेशेजारी ठेवते आणि आख्यान मनात घोळवायला लागते.

नमस्कार.