नव्या संशोधनातला आकडा तपासायचा कसा? औषध, आहार आणि शेअर बाजार

[कॅमेऱ्याकडे थेट]

‘धोका २० टक्क्यांनी घटला.’ बातमीत असं वाक्य आलं की पुढे जायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: आधी किती होता? त्याचं उत्तर मिळेपर्यंत त्या २० टक्क्यांना काहीच अर्थ नाही. दहा हजारांतल्या ५ जणांचे ४ झाले तरी २० टक्के, आणि शंभरातल्या ५० जणांचे ४० झाले तरी २० टक्केच.

आज आपण आरोग्य, आहार आणि अर्थशास्त्र या तीन क्षेत्रांतले अलीकडचे काही शोधनिबंध घेऊ आणि त्यांतले आकडे उलगडून बघू. तिन्हीकडची भाषा वेगळी, पण आकडा फसतो त्या जागा बऱ्याच सारख्या आहेत.

सुरुवात औषधापासून. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये ‘सिलेक्ट’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. औषध सेमाग्लुटाइड, आठवड्याला एक इंजेक्शन. सहभागी १७,६०४. सगळे ४५ किंवा त्याहून जास्त वयाचे, वजन जास्त, हृदयविकार किंवा तत्सम आजार आधीच झालेला, पण मधुमेह नाही. हे वर्णन घाईत ओलांडू नका. निष्कर्ष याच लोकांसाठी आहे. निरोगी तिशीतल्या माणसाला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

[स्क्रीनवर: ८.० टक्के → ६.५ टक्के]

हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयाशी संबंधित मृत्यू, यांपैकी काहीतरी झालेले लोक: प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेलं दिखाऊ इंजेक्शन घेणाऱ्या गटात ८ टक्के, औषधाच्या गटात ६.५ टक्के. बातम्यांमध्ये आलेले २० टक्के साधारण हेच, म्हणजे सापेक्ष घट: आधीच्या आकड्याच्या तुलनेत मोजलेली. निरपेक्ष घट, म्हणजे सरळ वजाबाकी, दीड टक्केबिंदू. आता १०० ला दीडने भागा. उत्तर येतं जवळपास ६७. म्हणजे अशा ६७ लोकांना औषध दिलं आणि सरासरी सव्वातीन वर्षांच्या आसपास त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर त्यांच्यातल्या एकाची अशी घटना टळते.

हीच पद्धत दुसऱ्या बाजूलाही लावायची. ती बहुतेक जण लावत नाहीत. त्रास झाला म्हणून औषध कायमचं सोडणारे लोक औषधाच्या गटात १६.६ टक्के होते, प्लासिबोत ८.२. फरक ८.४. शंभर भागिले ८.४, म्हणजे साधारण १२. दर १२ जणांमागे एक जण जास्तीचा गळतो, आणि त्यामागे मुख्यतः पोटाच्या तक्रारी असतात. गंभीर प्रतिकूल घटना मात्र औषधाच्या गटात कमीच होत्या: ३३.४ टक्के, प्लासिबोत ३६.४. हे तिन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र नीट दिसतं. हृदयविकार आधीच झालेल्या माणसासाठी ६७ मधला एक हा चांगला आकडा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण तो निर्णय ६७ आणि १२ बघून घ्यायचा. नुसत्या २० वर नाही.

[कट]

आता या चाचणीत ‘घटना’ कशाला म्हणायचं हे कधी ठरलं? आधी की नंतर? प्रश्न कोरडा वाटतो, पण फार महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात काहीही परिणाम नसताना तुम्ही २० वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आणि प्रत्येकीला ५ टक्क्यांची नेहमीची चाळणी लावली (परिणाम नसताना योगायोगाने असा आकडा येण्याची शक्यता ५ टक्क्यांहून कमी असेल तरच तो ‘लक्षणीय’), तर निव्वळ योगायोगाने निदान एक तरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. हिशेब सोपा आहे: ०.९५ चा विसावा घात काढा आणि एकातून वजा करा. म्हणून औषधांच्या चाचण्या सुरू होण्याआधीच नोंदवाव्या लागतात. निबंधाच्या सारांशाच्या शेवटी नोंदणी क्रमांक असतो. तो क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या साइटवर टाका. तिथे नोंदीत झालेल्या बदलांचा इतिहास तारखांसह दिसतो. मुख्य निष्पत्ती, म्हणजे चाचणी मुख्यतः जे मोजणार ते, म्हणून आधी काय लिहिलं होतं आणि निबंधात काय छापलंय, हे ताडून बघा. मध्येच बदल झाला असेल आणि निबंधात त्याचं कारण दिलेलं नसेल, तर त्या निष्कर्षावर कमी विसंबायचं.

आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडले म्हटलं, तर ते खरंच तसे पाडले का? भूमध्यसागरी आहारावरची ‘प्रेडिमेड’ ही ७,४४७ लोकांची चाचणी २०१३ मध्ये गाजली. २०१८ मध्ये लेखकांनी ती मागे घेतली आणि त्याच नियतकालिकात सुधारून पुन्हा छापली. कारण एका केंद्रावर व्यक्तींची चिठ्ठी काढण्याऐवजी आख्खी क्लिनिक एकेका आहाराला देऊन टाकली होती, आणि काही घरांत दुसऱ्या सदस्याला चिठ्ठी न काढताच पहिल्याच्या गटात घातलं होतं. आकडे फारसे हलले नाहीत, पण दाव्याची भाषा सौम्य झाली. असा घोळ पहिल्यांदा दिसतो तो निबंधातल्या पहिल्या तक्त्यात, जिथे दोन्ही गटांचं वय, वजन, रक्तदाब वगैरे शेजारी शेजारी दिलेलं असतं.

[कट. स्क्रीनवर: आहार]

आहारशास्त्राची अडचण मुळातच मोठी आहे. लोक काय खातात हे मोजायचं कसं? मोठ्या अभ्यासांत हजारो लोकांना प्रश्नावली देतात: गेल्या वर्षभरात अमुक पदार्थ आठवड्यातून किती वेळा खाल्ला? आठवणीवर भिस्त, शिवाय जो माणूस भाज्या जास्त खातो तो बहुधा सिगारेटही कमी ओढतो आणि चालतोही जास्त. मग फायदा भाजीचा की चालण्याचा? गणिती दुरुस्त्या करतात, पण जे मोजलंच नाही त्याची दुरुस्ती होत नाही.

म्हणून २०१९ चा संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला मोलाचा वाटतो. माणसं फक्त २०, पण ती प्रयोग संपेपर्यंत संशोधन केंद्रातच राहिली. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे कारखान्यात तयार झालेलं अन्न, दोन आठवडे कमी प्रक्रियेचं. ताटात वाढलेल्या कॅलरी, साखर, मेद, मीठ, तंतू दोन्हीकडे सारखे ठेवले होते. हवं तेवढं खा, एवढीच सूचना. अतिप्रक्रियेच्या आहारात लोकांनी रोज सरासरी ५०८ किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन ०.९ किलोने वाढलं. दुसऱ्या आहारात ते तेवढंच घटलं.

त्रुटी? दोन आठवडे हा काळ छोटा आहे, आणि केंद्रातलं जगणं घरच्यासारखं नसतं. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये ५५ जणांवर पुढचा प्रयोग प्रसिद्ध झाला: लोक घरीच राहिले, प्रत्येक आहार ८ आठवडे, आणि दोन्ही आहार तिथल्या अधिकृत आहार मार्गदर्शनाला धरून. यात दोन्हीकडे वजन घटलं. कमी प्रक्रियेच्या आहारात २.०६ टक्के, अतिप्रक्रियेच्या आहारात १.०५ टक्के. पहिल्या प्रयोगात वजन वाढवणारा आहार इथे घटवणारा कसा झाला? कारण इथला अतिप्रक्रियेचा आहार पोषणाच्या दृष्टीने निवडून घेतलेला होता. दोन निष्कर्ष एकमेकांविरुद्ध दिसले की आधी ‘कशाशी तुलना केली’ ते बघा. पुष्कळदा भांडण तिथेच मिटतं.

प्रक्रिया केलेल्या मांसाचं उदाहरण झटकन घेऊ. रोज ५० ग्रॅममागे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा २०१५ चा अंदाज आहे. समजा मूळ धोका आयुष्यभरात १०० मध्ये ५ जणांना असेल, तर तो ५.९ होतो. २३ होत नाही. ५ मध्ये १८ मिळवणं ही नेहमीची चूक आहे.

[स्क्रीनवर: ६० × ७,००० = ?]

आणि साधा गुणाकारही स्वतः करा. काळ्या प्लास्टिकच्या स्वयंपाकाच्या भांड्यांवरचा एक निबंध २०२४ मध्ये जगभर पसरला. आगरोधक रसायनाची सुरक्षित मर्यादा दर किलो वजनामागे रोज ७,००० नॅनोग्रॅम, माणूस ६० किलोचा. गुणाकार ४,२०,००० येतो. निबंधात छापलं होतं ४२,०००. भांड्यांमधून पोटात जाण्याचा अंदाज होता रोज ३४,७००. म्हणजे मर्यादेच्या ८० टक्क्यांच्या पुढे वाटणारं प्रमाण खरं ८ टक्क्यांच्या आसपास होतं. डिसेंबरमध्ये दुरुस्ती आली. ती पहिल्या बातमीइतकी दूरवर पोहोचली नाही.

[कट. स्क्रीनवर: शेअर बाजार]

शेअर बाजारावरच्या संशोधनात एक जास्तीचा पेच आहे. आतड्याला शोधनिबंध वाचता येत नाही. बाजाराला येतो. ‘अमुक लक्षणाचे शेअर, उदाहरणार्थ छोट्या कंपन्यांचे, जास्त परतावा देतात’ असं छापून आलं की लोक तेच शेअर घेऊ लागतात आणि फायदा आटतो. मॅक्लीन आणि पाँटिफ या संशोधकांनी २०१६ मध्ये अशी ९७ लक्षणं तपासली. मूळ अभ्यासाच्या कालखंडाबाहेर परतावा २६ टक्क्यांनी कमी निघाला, आणि प्रसिद्धीनंतर ५८ टक्क्यांनी. २६ टक्क्यांचा भाग म्हणजे जास्तीत जास्त किती वाटा मुळातच योगायोगाचा असू शकतो, त्याचा अंदाज. उरलेली घट वाचून व्यवहार करणाऱ्यांमुळे, असं ते सुचवतात.

त्याच वर्षी हार्वी, लिउ आणि झू यांनी दाखवलं की अशी शेकडो लक्षणं आधीच तपासून झाल्यावर टी-मूल्याची (निघालेला आकडा योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे, त्याचं माप) २ ची जुनी चाळणी पुरत नाही. ती ३ च्या वर हवी. होउ, श्वे आणि झांग यांनी २०२० मध्ये ४५२ लक्षणं पुन्हा तपासली, तेव्हा ६५ टक्के जुन्या चाळणीतूनही पार झाली नाहीत. फरक कुठे पडला? अतिछोट्या कंपन्यांत. अमेरिकेच्या बाजारात संख्येने त्या जवळपास ६० टक्के आहेत, पण बाजारमूल्यात त्यांचा वाटा ३ टक्क्यांच्या घरात. सगळ्या शेअरना सारखं वजन दिलं, म्हणजे छोट्या-मोठ्या प्रत्येक कंपनीत सारखेच पैसे घातले असं धरलं, की परतावा ज्यातून येतो ते शेअर प्रत्यक्षात विकत घेणंच अवघड असतं, आणि घेतले तरी खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक नफा खाऊन टाकतो. जेन्सन, केली आणि पेडरसन यांनी २०२३ मध्ये वेगळ्या पद्धतीने हाच प्रश्न तपासला आणि बहुतेक लक्षणं टिकतात असा निष्कर्ष काढला. म्हणजे वाद संपलेला नाही. म्हणून बाजारावरचा निबंध हातात आला की तीन ठिकाणी बोट ठेवा: वजन कसं दिलं, व्यवहाराचा खर्च धरला का, आणि आकडेवारी कोणत्या वर्षी संपते.

[कट]

आता तपासणीचा क्रम सांगतो. अर्धा तास पुरतो.

आधी निबंधाची अवस्था. मेडआर्काइव्ह किंवा एसएसआरएन या मसुदे ठेवण्याच्या साइटवर असेल तर तो तज्ज्ञ-परीक्षण न झालेला मसुदा असण्याची शक्यता मोठी. मग शीर्षक रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या निबंधांच्या यादीत शोधा. ही यादी २०२३ पासून सर्वांना खुली आहे. पबपिअर या निबंधांवर चर्चा करण्याच्या साइटवर कुणी शंका काढली आहे का, तेही तिथल्या तिथे बघून घ्या.

त्यानंतर सारांश सोडून थेट पद्धतीच्या भागात जा आणि चार गोष्टी कागदावर लिहा: कोणते लोक किंवा कोणते शेअर, तुलना कशाशी, मोजलं काय, किती काळ. मग तक्त्यांतून दोन्ही गटांचे मूळ आकडे उतरवा आणि वजाबाकी स्वतः करा. मूळ आकडे निबंधात सापडले नाहीत तर पूरक फाइल उघडा, बऱ्याचदा ते तिथे असतात. तिथेही नसतील आणि फक्त ‘इतक्या टक्क्यांनी घट’ एवढंच असेल, तर त्या निबंधावरून औषध, ताट किंवा गुंतवणूक बदलू नका. औषध चालू असेल तर ते बंद करण्याआधी हाच कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा: माझा मूळ धोका किती?